सुमीच्या मुंडावळ्या

गुरुवार, संध्याकाळ. चामोर्शी

आज सुमीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न लागलं. औषधांनी गेलेले तिचे केस आता कुठे दोन बोटं वाढलेत. मुंडावळ्या पिनांनी अडकवायच्या तर कशात? मी आणलेला विग पाहून ती म्हणाली, "मले नाई पायजे." मी चिडलेच, तशी ती रडायला लागली. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. असं कसं झालं माझं?

तेवढ्यात तिची सासू आत आली. आता ही ऐकवणार, असं वाटलं. त्या माऊलीनं सुमीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काऊन रडून राह्यली व? आमच्या पोरानं हेच डोकं पाहून हो म्हटलं."

मग तिनं मुंडावळ्यांना मऊ सुती फीत जोडली, कानांमागून नेऊन मानेवर गाठ मारली. "रुतते का?" असं तीनदा विचारलं. तीनदा! मी एकदाही विचारलं नव्हतं.

सुमी तशीच मांडवात गेली. हार घालताना जावयानं मुंडावळ्या अलगद धरल्या, गाठीला धक्का लागू नये म्हणून.

निघताना तिला म्हटलं, "माफ कर व, सुमे."

ती गळ्यात पडली. "तू भ्याली होती ताई. मले माहीत हाये."