भुकटीतून हवा जात नाही

माय,

तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी कुणी खोकताना ऐकलं की मला आधी तू आठवतेस, मग त्या बिचाऱ्याची कीव येते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची ती दिवाळी. मी रायपूरकडच्या पोलाद कारखान्यातून सुटीवर दारव्ह्याला आलो होतो. जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस लावता लावता तुझ्या छातीत रुईची बारीक धूळ बसली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तू भिंतीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपायचीस, आणि तरी मला पाटावर बसवून गरम भाकरी वाढायचीस.

"तिथं काय करून राह्यला रे तू?" तू विचारलंस.

मी परातीतलं पीठ आणि कण्या घेऊन सांगायला लागलो. लोखंडाची माती भट्टीत जाण्याआधी भाजून तिचे खडे करायचे. तिचा थर लावायचा, वरून पेटवायचा, खालून हवा ओढायची. भुकटी फार असली की फटी बुजतात, हवा जात नाही, वरचं जळतं आणि खालचं कच्चं राहतं. म्हणून फिरत्या पिंपात बेतानं पाणी मारून ती भुकटी जाड दाण्यांना चिकटवायची. पाणी जास्त झालं तर नुसता चिखल.

"मंग ते बारीक फेकून काहून देत नाई?"

"खाणीतून येतेच तसं, माय. त्यालेच घेऊन काम चालवा लागते."

तू हसलीस, आणि हसता हसता तुला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणालीस, "मंग माह्या छातीले बी मार ना जराकसं पानी."

तू चेष्टाच केली होतीस. मी मात्र ताट सारून उठलो. अजून डोळ्यांपुढे आहे, मी तुझी पाठ चोळत बसलो आहे, तुझ्या बरगड्या माझ्या तळव्याखाली वरखाली होताहेत, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही.

उन्हाळ्यात तू गेलीस. तेरवी उरकून मी कामावर परतलो, तर नव्या खाणीचं पिठासारखं खनिज आलेलं. थरातून हवा जाईना. आम्ही पाणी कमीजास्त करून पाहिलं, भाजलेले बारके खडे परत त्यात मिसळले, कामाची सगळी पाळी त्यातच गेली. संध्याकाळी आग एकदाची तळापर्यंत उतरली. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

हे मी कुणाजवळ बोललो नाही, आणि हे पत्रही घडी करून ठेवण्यापलीकडे कुठं जायचं नाही. तो चहा मी घेतला नाही. दगडमातीला श्वास मिळाला म्हणून मला तिचा राग आला होता, माय. अजून आहे.