दक्षिणेकडची सहा दारं

४ फेब्रु.
चितेगावची सहा घरं उभी राहिली. एक खोली, स्वयंपाकघर, मागं मोरी. परवानगीला या वेळी चपला झिजवाव्या लागल्या नाहीत. छोट्या प्लॉटला आता माझ्यासारख्या परवानाधारक इंजिनिअरची सही पुरते. सही मीच केली. रस्ता दक्षिणेला, म्हणून दारंही दक्षिणेला. बाजूच्या भिंती सामाईक, दार दुसरीकडं नेणार कुठं? कुणी फाइल अडवली असती तर निदान दारांचा विचार तरी झाला असता.

८ फेब्रु.
चार कुटुंबं येऊन गेली. घर आवडतं, ओटा आवडतो. मग नवरा उंबऱ्यावर मोबाइल आडवा धरून दिशा बघतो, बायकोकडं बघतो. "विचारून सांगतो मॅडम." चौघांचं तेच.

१३ फेब्रु.
गोदामवाला पुन्हा आला. सगळं रान सलग हवंय, घरं पाडणार म्हणे. जमीन सासऱ्यांची. आबा त्याला म्हणाले, "पाडव्यापतूर एक जरी घर गेलं, तर उरलेल्या रानात सूनबाईच बांधंल. नाय गेलं तर तुझं."
संतोषला म्हटलं, तू बोल. म्हणे, वडील माझे असले तरी ऐकतात तुझंच. ऐकलं म्हणूनच तर ही वेळ. नकाशा बघताना आबांनी एकच विचारलं होतं, "दार कुणीकडं?" मी म्हटलं, रस्त्याकडं. त्यांनी नकाशाची घडी घातली.

१७ फेब्रु.
आबा खाट, घागर, रेडिओ घेऊन पहिल्या घरात राहायला गेले. "मानूस राहताना दिसला की लोकाला धीर येतो." आणि हे कोण, तर जन्मात दक्षिणेला पाय करून झोपले नाहीत ते.

१९ फेब्रु.
डबा घेऊन गेले. पुढचं दार सताड उघडं, आणि आबा मोरीच्या दारानं वळसा घालून आले. चपलाही तिकडंच.
"आबा, पुढून या ना."
"ह्यो जवळचा रस्ता हाय."
कसला जवळचा. हसू आलं, मग गाडीत बसल्यावर रडू. थकलेय मी.

२२ फेब्रु.
एक जोडपं आलं. तो कंपनीत, ती शिवणकाम करते. भाड्याच्या खोलीला विटलेले. तिनं आबांना विचारलं, "बाबा, तुम्ही राहता ना? कसं वाटतं ह्या दाराचं?"
आबा खाटेवरून उठले. मग काठी टेकत पुढच्या दारातून रस्त्यावर गेले, त्याच दारानं परत आत आले. "काय नाय व्हत," म्हणाले.
ते दोघं गेल्यावर पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. "माझं काय राह्यलं आता. नातवाला मातर या दारातून आणू नको, सूनबाई."

२५ फेब्रु.
ओमला आजोबांकडं नेलं. गाडी पुढं लावली. पोरगं उतरून थेट दाराकडं पळालं. मी धावत जाऊन त्याला उचललं, मागून नेलं. गिऱ्हाइकांना रोज सांगते, दिशा-बिशा काही नसतं. आबांनी बघितलं आणि रेडिओ लावला.

२७ फेब्रु.
शिवणकामवालीचा फोन. रविवारी परत येतायत, लहान मुलीला घर दाखवायला. "बाबा राहतात ना तिथं, म्हणून म्हटलं." या म्हटलं.
संतोष खुशीत. म्हणतो ओमलाही नेऊ, पोरं खेळतील.
मी अजून हो म्हटलेलं नाही.