बापिन बाहेर बसली तो रविवार

रिदा,

आजचा रविवारचा वर्ग तुलाच घ्यावा लागेल. तू उठायच्या आत मी वर्गातल्या बापिनच्या घरी निघाले आहे. चर्चची किल्ली चहाच्या डब्याशेजारी आहे.

साडेनऊला घंटा दे. आधी गाणं, मग प्रार्थना आणि हजेरी. सुटताना कुणाला एकटं सोडू नकोस, घरचं माणूस आल्यावरच मुलाचा हात त्याच्या हाती दे. आणि दाराला कडी घालू नकोस.

गेल्या रविवारी उशिरा येणाऱ्यांना शिस्त लागावी म्हणून मी ती घातली, तेव्हा तू म्हणालीस, "काँग, एवढ्याशा पोरांना कसली कडी?" मी तुझ्यावरच खेकसले. वर्ग सुटल्यावर बापिन पायरीवर दिसली, धाकट्या भावाला पाठीशी बांधून, धुक्यानं ओली झालेली. आई अंथरुणाला खिळल्यापासून त्याला भरवूनच ती निघते. उशीर का होतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी बाहेरूनच म्हटलं गाणं," ती म्हणाली. तिला जवळ घ्यायचं सोडून मी म्हणाले, "पुढच्या वेळी लवकर ये."

काल तिची मावशी बाजारात भेटली. पोर आता वर्गाला यायचं नावच काढत नाही म्हणे. म्हणून माफी मागायला जातेय. आली तर घेऊन येईन. नाहीच आली, तर तिच्या भावाला भरवेन आणि आईपाशी बसेन.

तुझं बरोबर होतं. आठवडाभर तुझ्यासमोर बसून जेवले, पण एवढं बोलायला तोंड उघडलं नाही.

तुझी थोरली बहीण, तुझी काँग