गीक, नर्ड आणि तुझ्या काकूचा आवाज

चि. बारकीस काकाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. तू वेळेवर जेवतेस, की अजून संगणकापुढे कोरडा पाव कुरतडतेस? (उत्तर नको, माहीत आहे.) माझा गुडघा कुरकुरतो, पण हल्ली घरात त्याचं ऐकायला कोणाला फुरसत नाही, कारण तुझी काकू पुन्हा बोलायला लागली आहे.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे ठरल्यावर तू तिला समोर बसवून वाचायला लावत होतीस आणि तिचा आवाज संगणकात टिपून घेत होतीस, तेव्हा मला वाटलं, पोरीचा हा नवा चाळा. नंतर ती मला पाटीवर लिहून दाखवायची. (त्या काळात माझा चष्मा फार हरवायचा. असो.) हळूहळू तिने लिहिणंही सोडलं. कोणी आलं की आत जाऊन बसायची. मला फार भीती वाटायची गं. आता ती फोनवर बोटं आपटून लिहिते आणि फोन तू त्यात भरलेल्या तिच्याच आवाजात मला झापतो. चष्म्याची सबब गेली.

तर परवा शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. तुझ्या होणाऱ्या सासूबाईही आल्या. म्हटलं, तुझे जाहीर आभार मानावेत. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य म्हणाला, अशा यंत्रवेड्यांना 'गीक' नाहीतर 'नर्ड' म्हणतात. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस मी, शब्दाचं कूळ पाहिल्याशिवाय तो वापरत नाही. पाहिलं, तर काय! मुळात अर्थ 'खुळा', आणि पुढे फिरत्या खेळांच्या तंबूत जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवायचा, त्याला गीक म्हणत. 'नर्ड'च्या आईबापांचा तर नक्की पत्ताच नाही, जो तो वेगळं सांगतो. हे सगळं मी उभा राहून रंगवून सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "तर अशी आमची बारकी!" सासूबाईंचा कप तोंडाशीच थांबला. सावरायला म्हणालो, आपल्याकडे नुसतं 'किडा' म्हणतात. तर त्या कपात निरखून बघायला लागल्या.

तेवढ्यात फोन बोलला, "अहो, पुरे. बसा खाली. त्या पोरीमुळे मी आज तुमच्यात बसलेय, एवढंच सांगायचं होतं ना?" मी बसलो. सासूबाईंनी डोळे पुसले आणि काकूचा हात बराच वेळ सोडला नाही. लग्न शाबूत आहे, काळजी नसावी.

बारके, तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही. सुखी राहा.

तुझा
काका

ता. क. फोनचा आवाज बारीक कसा करायचा, ते मला एकट्याला कळव.

ता. क. दुसरा. वरचं राहू दे, मोठाच बरा आहे. खरं काम वेगळंच. काकूला हसू आलं की ती 'हा हा हा' लिहिते आणि फोन ते हजेरी घेतल्यासारखं वाचतो. मग तिचं हसू तिथेच विरतं. तुमचं वाचन चालू असताना मी डोकावायला आलो आणि माझा पाय बादलीत गेला, आठवतं? ती हसत सुटली, आणि तू ओरडलीस, "काका, सगळं फुकट घालवलंत!" तुम्ही लोक म्हणे काही पुसून टाकत नाही. तो फुकट गेलेला तुकडा असला, तर तेवढा पाठव गं.