दाजी, पंप बसला

मिलर्स फोर्ड, ओहायो
२४ जून

ती. एव्हरेट दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. कागदावर काळे डाग दिसतील, ते ग्रीस आहे, काळजीचं कारण नाही. गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाची कोरडी हवा मानवतेय ना? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता, की थीआ ओरडली की घेता? (पोरीला बापावर ओरडायचा हक्क आहे, ऐकत जा.) इकडे आम्ही बरे. आमच्या सौ. डार्लाची पाठ बरी आहे. माझी नाही, कारण गेले तीन आठवडे ती तुमच्या गाडीखाली आहे.

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही म्हणालात, यंदा चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गाडी उकळली तर विकून टाक, मला ती डोळ्यांपुढे नको. लुएलाताई गेली, तुम्ही घर विकलंत, होडी विकलीत, आम्ही अवाक्षर काढलं नाही. पण ही दोन माणसांची हिरवी गाडी विकायची म्हणजे काय? सव्वीस वर्षं तुम्ही चालवत होतात आणि ताई शेजारी बसून पोरांवर गोळ्या-चॉकलेटं उधळत होती, आणि सव्वीस वर्षांत ती एकदाही उकळली नाही. मागच्या वर्षी ताई इस्पितळात, तुम्ही तिच्यापाशी, म्हणून स्टिअरिंग माझ्या हातात आलं. चर्च येईपर्यंत वाफेनं मला पुढचं दिसेना. मागचा बँड वाट फुटेल तिकडे पळाला. मिरवणुकीतलाच अग्निशमन बंब पुढे धावला, तर लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! तेव्हापासून अख्खं गाव मला किटली म्हणतं. तेव्हा गाडी वाचवायची, तर ती उकळता कामा नये, एवढंच मी डोक्यात घेतलं.

दोष शोधला. जुना पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. मिरवणुकीत पुढे ट्रॅक्टर, मागे बँड, गाडी माणसाच्या चालीनं. इंजिन पेंगतं, त्याच्याबरोबर पंप पेंगतो, आणि पाणी आहे तिथंच उकळतं. म्हणून विजेवर चालणारा पंप मागवला. इंजिन पेंगो नाहीतर धावो, हा आपला पाणी फिरवत राहणार. खोक्यावर लिहिलं होतं, 'एका दुपारचं काम'. कुठल्या साली संपणारी दुपार, ते लिहिलं नव्हतं.

आपली गल्ली तुम्हाला ठाऊक आहे. इथं कुणी बॉनेट उघडलं की शेजाऱ्यांच्या घडीच्या खुर्च्या उघडतात. शेजारचा मर्ल (चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्याचं तो दिवसातून चाळीस वेळा सांगतो) खुर्ची, बियर आणि मत घेऊन पहिल्या शनिवारीच हजर झाला. पंपावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. मी गाडीखाली उताणा, त्यामुळे बाण उलटा बसला. पंप चालू केला आणि रेडिएटरमधलं सगळं पाणी वरच्या तोंडातून उसळून माझ्या अंगावर. मर्ल शांतपणे म्हणाला, "मला मघाशीच दिसलं होतं रे. पण म्हटलं, कशाला बोला, तुला राग येतो."

मग वायरी. किल्ली काढली तरी पंप चालूच राहायचा, आणि इतका मुका की कळायचंच नाही. तीन सकाळी बॅटरी ठार. शेवटी मी हात टेकले आणि वायरी मर्लला जोडू दिल्या (हे त्यानं आतापर्यंत तुम्हाला फोन करून कळवलं असेलच). हीटरच्या नळ्या तेवढ्या मी माझ्या अकलेनं बुचं मारून बंद केल्या. भर जुलैत हीटर कुणाला हवाय?

रविवारी पावसाळी गारव्यात तालीम घेतली. मिरवणुकीची चाल साधावी म्हणून मर्ल त्याच्या गवत कापायच्या गाडीवर बसून पुढे, मी मागे. पाती वर घ्यायला तो विसरला, त्यामुळे बँकेसमोरचा झेंडू यंदा नाही. पण तुमची गाडी चर्च ओलांडून गेली आणि तापमानाचा काटा जागचा हलला नाही! ओपलच्या दारात थांबलो. ताईची ही जन्माची मैत्रीण बाहेर आली, गाडीत डोकावली आणि म्हणाली, "बादली कुठंय?"

कसली बादली, मी विचारलं.

"अरे देवा! लुएलाची बर्फाची बादली. इंजिन उकळू नये म्हणून तुझे दाजी भर उन्हात हीटर पूर्ण उघडायचे, इंजिनाची आग सगळी आत. ती बिचारी बर्फात पाय बुडवून वरून हसत हात हलवायची. तुला काय वाटलं, त्यात सरबत होतं?"

दाजी, मला तेच वाटलं होतं. अख्ख्या गावाला वाटायचं की ताई सरबत घेऊन बसते आणि कुणाला घोटभर देत नाही. मी खाली बघितलं. तिच्या सीटपुढच्या गालिच्यावर बादलीच्या बुडाचा गोल डाग आहे, आणि तीन आठवडे तोच डाग मी घासत होतो. मला रडू आलं. मर्लसमोर आलं. त्यानं स्वतःची बियर माझ्या हातात दिली, म्हणजे बघा.

असो. पंप झकास चाललाय, तेव्हा गाडी विकायचा विषय संपला असं धरून चालतो. थीआला आशीर्वाद.

तुमचा,
व्हर्नन

ता. क. काटा हलला नाही, कारण त्याची वायर जोडायची राहिली होती. काल जोडली आणि कडक उन्हात गाडी काढली. चर्च यायच्या आधीच वाफ. मर्ल म्हणतो, रेडिएटर साठ वर्षांचा, अर्धा तुंबलेला. नवा पंप पाणी फिरवतो खरा, पण उकळतं पाणीच फिरवतो.

आणखी ता. क. हीटरची बुचं काढली. आज तशाच उन्हात हीटर पूर्ण उघडून गावाला दोन फेऱ्या मारल्या, उकळली नाही. मात्र चालकाच्या पायांकडची हीटरची झडप कुणीतरी पत्रा ठोकून बंद केलेली सापडली. एव्हरेट दाजी! ताईला हे माहीत होतं का? ओपल म्हणते, पहिल्या वर्षापासून.

शेवटचा ता. क. शेजारच्या सीटवर कोण बसणार, ते मिरवणूक समितीला कळवायचं होतं. मी तुमचं नाव दिलंय. विमानाचं तिकीट थीआकडे पोचेल. बादली ओपलनं जपून ठेवली होती, ती घासून ठेवलीय. बर्फ मर्ल आणणार आहे. ताईनं सव्वीस वर्षं केलं, तुम्ही एक वर्ष करा. मोजे आणू नका.