क्रॉसबो घेण्याआधी

आर्काडिया, विस्कॉन्सिन
२४ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र आणि काकडीच्या लोणच्याच्या दोन्ही बरण्या पोचल्या. गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. इथे मका डोक्याच्या वर गेला आहे. मार्चमध्ये ऑर्लिन गेल्यापासून आमचं कुंपणाकडेचं गवत लाइल कापतो. तुझा हा धाकटा भाऊ कामाचा आहे, फक्त काम करताना तोंड बंद ठेवत नाही.

माझ्या खांद्याचं विचारलंस. डॉक्टर म्हणाले, जेवणाचं ताट उचलता येईल, धनुष्य ओढता येणार नाही. म्हणून मंगळवारी सोबोटाच्या शिकारीच्या दुकानात क्रॉसबो बघायला गेले, तिची दोरी हाताने ओढून धरावी लागत नाही. लाइल सोबत होता.

"दोरी लावलेली बंदूक आहे ही," तो म्हणाला. "वहिनी, त्यापेक्षा गाडीनेच हरीण उडव ना. तेवढंच कौशल्य लागतं."

"तू दोनदा उडवलंयस," सोबोटा म्हणाला. "दोन्ही वेळा हरीण चालत गेलं आणि तुझी गाडी ओढून न्यावी लागली."

तुमच्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये क्रॉसबो येणार नाही, असं तू दफनानंतरच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणालीस. ऑर्लिनने असलं काही कधी हातात धरलं नाही, असंही म्हणालीस. खरं आहे. तो नऊ वर्षांचा असताना तूच त्याला गवताच्या गठ्ठ्यांवर नेम धरायला शिकवलंस, आणि तुझ्या शिकवण्याचं त्याने सोनं केलं. त्याच्यासारखा तिरंदाज मी पाहिला नाही. खात्री नसेल तर बाण सोडायचाच नाही. आमच्या संसाराच्या एकतीस वर्षांत त्याचं एकही हरीण जखमी होऊन हरवलं नाही. मला असं म्हणता येणार नाही, तुलाही नाही.

पण एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ऑर्लिन ओढ्याजवळच्या मचाणावर होता आणि मी समोरच्या उतारावर. साडेचारच्या सुमारास तो मोठा नर आला. तीन वर्षं आम्ही त्याच्या मागावर होतो. ऑर्लिनपासून अठरा पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. ऑर्लिनने धनुष्य उचललं. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याने ती परत जाऊ दिली. असं तीनदा झालं. मग धनुष्य मांडीवर ठेवून तो नुसता बघत बसला. नर सावकाश चरत निघून गेला. मला दुर्बिणीतून ऑर्लिनचा चेहरा दिसत होता. त्यावर राग नव्हता.

संध्याकाळी केबिनमध्ये जेवताना तू नेहमीसारखं सगळ्यांना विचारलंस, आज काय दिसलं. त्या टेबलावर खरं तेच सांगायचं, हा तुमच्या वडिलांचा नियम.

"एक कोल्हा," ऑर्लिन म्हणाला.

मग मला विचारलंस. मी म्हणाले, "मला तोही नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मला बटाटे वाढले.

त्याच्याही आधीचं सांगायचं राहिलं आहे. त्या सप्टेंबरात मी एकटीच सोबोटाकडे गेले होते, ऑर्लिनसाठी क्रॉसबो घ्यायला. छातीच्या आजाराने त्याचे हात किती बारीक झाले होते, ते मला रोज शर्टाची बटणं लावताना दिसत होतं. क्रॉसबो हातात घेतली आणि परत ठेवली. वाटलं, तो दुखावेल. मी त्याला विचारलंसुद्धा नाही, आर्डिस. तो नको म्हणाला असता, कदाचित हो म्हणाला असता. तो नर त्याचा शेवटचा होता.

मंगळवारी सोबोटाने मला हँडल फिरवून दोरी चढवायला लावली. खांदा दुखला नाही. वस्तू फार नीट बनवलेली आहे. तूही हातात घेतलीस तर म्हणशील. वीस पावलांवर एक बाण सोडला, मधोमध लागला. लाइल स्वतः जाऊन तो बाण काढून घेऊन आला. मी हसले, मार्चनंतर पहिल्यांदाच. मग दुकानात सगळ्यांसमोर रडले. ते लाइलने तुला कळवलंच असेल.

शनिवारी मी ती घेणार आहे. परवानगी मागत नाही, केबिनमध्ये जागा मागते आहे. नाही म्हणालीस तर घरामागच्या रानात एकटी बसेन, आणि मला वाईट वाटेल. पण आधी एकदा ये. मला बाण सोडताना बघ, मग काय ते सांग. न विचारता ठरवून टाकू नकोस. तसं मी केलं आहे.

तुझ्या भावाची, आणि तू म्हणशील तर तुझीही,
मार्लिस