शेंडेफळाची सोंगटी

प्रिय बुटके,

पासष्टीच्या बाईला बुटके म्हणू नये, कळतं मला. पण गेल्या अकरा वर्षांत तुला हाक मारायचीच सोय राहिली नाही, म्हणून जुनीच वापरतोय. गंज चढला असेल तर घासून घे.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना कुरकुरू देतो. खेळांच्या कारखान्यात रोज जातो. खिडकीजवळचं तुझं टेबल अजून आहे. त्यावर हल्ली रंगवलेल्या सोंगट्या वाळत ठेवतात. मला ते पाहवत नाही, पण जागा कुठाय दुसरी?

परवा आपल्या पुस्तकमालिकेच्या खेळांचे सगळे डबे माळ्यावरून खाली काढले. तुम्ही चार लेखक, आळीपाळीने एकेक पुस्तक, तीच होडी, तीच सहा भावंडं, आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर मी केलेला एक खेळ. तुम्ही शिकलेसवरलेले, मी सातवी नापास पुठ्ठेवाला. पण तू बैठकीत ठणकावून सांगायचीस, "आधी दादा नकाशा काढेल, मगच आमची होडी हलेल." ती ऐट मला महिनाभर पुरायची.

चौथं पुस्तक तुझं होतं. त्यात सगळ्यांत धाकटा भाऊ, सगळ्यांचं शेंडेफळ, धुक्यात बेटावर राहून जातो आणि होडीत पाचच जण परततात. बाकीचे लेखक म्हणाले, मुलं घाबरतील. तू एक ओळ बदलली नाहीस. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. आपला धाकटा भाऊ, बाळ्या, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पुस्तक महिन्यात छापून होई, डब्याला तीन महिने लागत. म्हणून खेळ नेहमी आधी, नुसत्या आराखड्यावरून. पाचव्याच्या आराखड्यात एवढंच होतं : भावंडं शोधायला निघतात. आणि मी माती खाल्ली. कुणाला न विचारता एक पत्ता घातला : "शेंडेफळ सापडला! सगळे चार घरं पुढे." त्याची पिवळी सोंगटीही केली. डबे छापून तयार, तेव्हा पाचव्या पुस्तकाच्या लेखकालाही झक मारत त्याला दुसऱ्या प्रकरणातच शोधून काढावं लागलं.

मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल. खरंच गं. तू आलीस, डिंक लावणाऱ्या बायांसमोर तो पत्ता माझ्या हातात ठेवलास आणि हळूच म्हणालीस, "दादा, तुझ्याकडे पुठ्ठा आहे म्हणून कुणालाही परत आणशील का?" मग चप्पल घातलीस आणि गेलीस. मी रागाने बसून राहिलो. भल्याची दुनिया राहिली नाही म्हणत राहिलो. अक्कल आली ती या डब्यांत एका मुलीचं जुनं पत्र सापडलं तेव्हा. मी ते कधी फोडलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं, "काका, तो पहिल्याच डावात सापडतो. मग आम्ही त्याची वाट कधी बघायची?"

ते वाचून मी कामगारांदेखत रडलो. त्याची वाट बघणं मी तुझ्याकडून हिसकावून घेतलं होतं, बुटके. आता मला कळतंय, कारण रोज फाटक वाजलं की मीही मान वर करतो.

पत्र लिहायचं कारण असं, की प्रकाशकांना मालिकेचं शेवटचं पुस्तक हवंय. राहिलेले तिघे एका सुरात म्हणाले, ते तिनेच लिहावं. प्रकाशकांची पोरगी नेहमीप्रमाणे माझ्याकडे आधी खेळ मागायला आली. मी तिला परत पाठवलं. म्हटलं, या वेळी एकही घर आखणार नाही. आधी माझी बहीण लिहील. शेंडेफळाला बेटावर ठेव, होडीत आण, नाहीतर त्याचं नावही काढू नकोस. तू लिहिशील तसाच पुठ्ठा कापीन. आणि लिहायचं नसेल, तर नुसती ये. सोंगट्या मी आजच टेबलावरून उचलतोय.

तुझाच, अजून मान वर करणारा,
दादा